हवाई बेटांवर संपत आलेलं कोरडं जंगल परत कसं उभं करतात? आपल्या नागपूरकडे तसं जमेल का?

जमेल, पण तिथली पद्धत जशीच्या तशी उचलून नाही. आधी तिथलं सांगतो.

हवाई म्हटलं की आपल्याला सगळं हिरवंगार वाटतं, पण ईशान्येकडून येणारे वारे डोंगराच्या एका अंगालाच पाऊस पाडून मोकळे होतात अन् पलीकडची बाजू कोरडी राहते, महाबळेश्वरहून माण-खटावकडे गेल्यावर दिसतं तसं. त्या बाजूचं 90 टक्क्यांहून जास्त जंगल गेलंय. 1778 मध्ये कॅप्टन कुकने बकऱ्या आणल्या, 1793 मध्ये व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीने तिथल्या राजा कामेहामेहासाठी गुरं आणली, राजाने ती मारायला बंदी केली आणि मग काय, गुरं रानभर झाली. त्याआधी तिथे असं चरणारं जनावरच नव्हतं, त्यामुळे बऱ्याच झाडांना ना काटे ना कडूपणा.

पण खरा घात गवताने केला. माउई बेटावर हालेआकाला डोंगराच्या उतारावर आउवाही म्हणून जागा आहे, तिथे चराईसाठी आणलेल्या आफ्रिकेच्या किकुयू गवताची इतकी जाड गादी झाली होती की झाडावरून पडलेलं बी मातीला टेकतच नव्हतं. म्हातारी झाडं उभी, खाली एक पिल्लू नाही! 1997 मध्ये तिथे साधारण 10 एकराला कुंपण घातलं, गवत तणनाशकाने मारलं, आणि मग आआलिई नावाचं चिवट स्थानिक झुडूप दाट लावलं (हे झुडूप भारतातही आढळतं). त्याच्या सावलीने गवताला परत डोकं वर काढू दिलं नाही, आणि पुढे बऱ्याच जातींची रोपं आपोआप उगवायला लागली. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. हवाई नावाच्याच सगळ्यात मोठ्या बेटावर फाउंटन ग्रास नावाचं गवत आहे, ते वणवा पेटवतं आणि जळाल्यावर स्वतःच आधी फुटतं, झाडं मात्र मरतात, म्हणून तिथे कुंपणासोबत जाळरेषाही (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे) लागतात.

एवढं करूनही संकट येतंच. विलीविली हे तिथलं झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊ; 2005 मध्ये त्यावर एक बारीक गांधीलमाशी आली अन् पानांवर गाठी करून झाडं मारायला लागली. मग आफ्रिकेतून तिचा शत्रू कीटक शोधून, तपासून 2008 मध्ये सोडला, तेव्हा झाडं सावरली.

आता नागपूर. आपलं जंगल मुळातच पानगळीचं, साग-तेंदू जळाले तरी बुंध्यातून फुटवे येतात, हवाईच्या झाडांना ते फारसं जमत नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाला पेटवतात ना, फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून, तिथे पावसानंतर वाकून बघा, सागाचे फुटवे दिसतील पण मोहाचं किंवा चारोळीचं रोप शोधून शोधून मिळतं. वर्षानुवर्षं हेच चाललं तर म्हातारी झाडं गेल्यावर काय उरणार? आणि किकुयूसारखंच खाली रोपं उगवू न देणारं आपल्याकडचं झुडूप म्हणजे घाणेरी (लँटाना).

तुमच्या डोक्यात एखादी जागा असेल तर जुलैत खड्डे खणून रोपं लावायची घाई करू नका प्लीज. आधी चराई थांबवा (गुराख्यांशी बसून बोला, नुसती तार ओढली तर ती तुटतेच), घाणेरी मुळासकट काढा, उन्हाळ्याआधी जाळरेषा करा आणि दोन पावसाळे काय उगवतं ते बघा. जे स्वतःहून आलं नाही तेवढंच नर्सरीतून आणा, आणि बी जवळच्याच जंगलातलं घ्या.