लेकरू इथं, वडील तिथं

प्रश्न : मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, दीड-दोन महिन्यांनी येतात. मुलगा सात वर्षांचा. ते आले की आजीच्या मागे लपतो, "तुम्ही परत जा" म्हणतो. त्यांना फार लागतं. (अंबाजोगाई)

उत्तर : ताई, हा राग नाही, रुसवा आहे. वडील पुन्हा जाणार हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो आधीच अंतर ठेवतो. पहिला अर्धा दिवस त्याला ओढून मांडीवर घेऊ नका. खेळणी आणली असतील तर ती लगेच पुढे करू नका. वडिलांनी जवळच सायकलची चेन बसवत बसावं. पाना द्यायला तो आपसूक येतो.

फोनचंही तसंच. "जेवलास का? अभ्यास केलास का?" याला लेकरं "हो" म्हणतात आणि पळतात. त्यापेक्षा "आज डब्यातली भाजी कुणी पळवली?" असं विचारा. वेळ ठरलेली हवी. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी शाळेआधीची पाच मिनिटं चालतील. पुढच्या येण्याची तारीख कॅलेंडरवर त्याच्याच हातानं लिहून घ्या. येळवशीला (वेळ अमावास्येच्या सणाला) येणार असाल तरच "येळवशीला येतो" म्हणा. सुट्टी नक्की नसेल तर तसं सांगा. आणि "थांब, पप्पांना सांगते" ही धमकी आजपासून बंद. महिन्याभराचे गुन्हे साठवून आलेला बाप कुणाला हवासा वाटेल?

प्रश्न : आम्ही वेगळे राहतो, केस चालू आहे. मुलगी चार वर्षांची, माझ्याकडे आहे. कोर्टानं ठरवल्याप्रमाणे वडिलांना भेटून आली की दिवसभर किरकिर करते. भेटी बंद करू का? (लातूर)

उत्तर : परस्पर बंद करू नका, आदेश मोडल्याचं तुमच्यावरच येईल. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. पण वडिलांना भेटू द्यायचं की नाही, हा वेगळा मुद्दा आहे. एका घरातून दुसऱ्या घरात गेल्यावर या वयाची मुलं किरकिरतातच. आल्याआल्या "काय म्हणाले?" अशी उलटतपासणी नको. अंगावर मार दिसला किंवा मुलगी जायला घाबरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवून वकिलामार्फत कोर्टाला कळवा.

प्रश्न : सून वारली. मुलगा भावकीसोबत अर्धा कोयता म्हणून (जोडीशिवाय, एकटाच) ऊसतोडीला जातो. पाचवीतल्या नातीला यंदा सोबत नेतो म्हणतो. (माजलगाव तालुका)

उत्तर : आजी, नेऊ देऊ नका. फडावर गेली की पोरगी स्वयंपाकाला जुंपली जाते आणि शाळा सुटते ती सुटतेच. शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी आत्ताच करा. शिवाय आई नसल्यानं बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करता येतो. मंजूर झाला तर महिना 2250 रुपये मिळतात. सुनेचा मृत्यूचा दाखला, नातीचा बोनाफाईड आणि आधार घेऊन बीडला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जा, बाकीची कागदं तिथं सांगतील. मुलगा गावात आहे तोवरच अर्जावर त्याच्या सह्या घेऊन ठेवा.