जुन्या होंडा सीआर-व्हीच्या पुढून आवाज? आधी ऐका, मग खोला

ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी) गाडी म्हणून घाबरू नका. पुढचे बरेचसे आवाज साध्या सस्पेन्शनचेच निघतात. गॅरेजला जाण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते लिहून काढा. निम्मं निदान तिथेच होतं.

- स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कटकट: बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). चाकामागे वाकून त्यावरचा रबरी बूट (आवरण) बघा. फाटून ग्रीस उडालंय? मग संशय पक्का.
- खड्ड्यात खडखड: आधी लिंक रॉड (सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी, स्वस्तातलं काम), मग लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश. बॉल जॉइंट (त्या आर्मला चाकाशी जोडणारा सांधा) सैल निघाला तर मात्र गाडी चालवू नका.
- वेगाबरोबर वाढणारी घरघर: व्हील बेअरिंग. पण वेडेवाकडे झिजलेले टायरही हुबेहूब असेच ओरडतात. पुढचे-मागचे अदलाबदल करा. आवाज मागे सरकला तर बेअरिंगचा खर्च वाचला.

नवखे इथेच फसतात: अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतात. आणि पार्किंगमध्ये सावकाश वळताना घुमल्यासारखा आवाज आला, तर पुढचं काही खोलूच नका. या गाडीत तो बहुधा मागच्या डिफरेन्शिअलचा (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) असतो, आणि ऑइल बदलून अनेकदा थांबतो. ऑइल मात्र होंडाने त्यासाठी सांगितलेलंच हवं, साधं गिअर ऑइल नको.

ट्रान्सफर केस (मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा भाग) वगैरे नंतर बघू. आधी बूट तपासा आणि कळवा.