आपली लेणी पाहिल्यावर इंग्लंडमधील खेड्यांतली जुनी चर्च पाहण्यात काही अर्थ आहे का?

आपण पुढे असेही विचारले आहे की, गेलेच तर तिथल्या कोरीवकामात नेमके काय पाहावे. अर्थ नक्कीच आहे. मात्र वेरूळचा गज हातात घेऊन ही चर्च मोजायला जाऊ नये. हाच प्रश्न माझ्या धाकट्या काकांनी मला विचारला होता आणि त्यांच्याशी माझे एक जुने भांडण होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या गावच्या शिवमंदिराचा जीर्णोद्धार झाला तेव्हा काका समितीवर होते. जुनी द्वारशाखा, म्हणजे दाराची कोरीव दगडी चौकट, काढून तिथे ग्रॅनाइट बसवले गेले आणि कोरीव दगड पिंपळाच्या पारावर मांडून ठेवले गेले. ‘दगड फेकून तर दिले नाहीत ना, गावातच आहेत,’ हा काकांचा युक्तिवाद होता. त्यावरून आमचे बोलणे दोन वर्षे बंद होते. पुढे ते मुलीकडे बर्मिंगहॅमला आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम हेरफर्डशर परगण्यात घेऊन गेलो.

आम्ही आधी किलपेकला गेलो. हेरफर्डच्या नैऋत्येला सुमारे १४ किलोमीटरवर, वेल्सच्या सीमेलगत हे लहानसे खेडे आहे. तिथले तांबड्या वालुकाश्मातले चर्च साधारण ११४० च्या सुमाराचे, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजांच्या राजवटीतले आहे. मागे मातीच्या उंचवट्यावर गढीचे अवशेष उरले आहेत. दक्षिणेच्या दाराशी काका थबकले. दारावरच्या अर्धवर्तुळात द्राक्षवेलीसारखे एक झाड आहे. बाजूच्या खांबांवर एकमेकांना गिळणारे सर्प आणि वेलींत गुंतलेले, लांब विजारी घातलेले दोन योद्धे आहेत. उजव्या खांबाच्या माथ्यावर एक मुखवटा असून त्याच्या तोंडातून पाने फुटून बाहेर पडली आहेत. ‘अरे, हे तर कीर्तिमुख!’ असे म्हणून काकांनी चष्मा पुसला. कीर्तिमुख म्हणजे आपल्या देवळांवर कोरलेले उग्र मुख. दोन्ही परंपरांचा थेट संबंध आहे असे मी म्हणणार नाही, पण आपला डोळा अशा ठिकाणी लगेच रुळतो, हे खरे. आतली रचनाही आपल्याला परकी वाटत नाही. सभामंडपातून पुढच्या दालनात आणि तिथून शेवटच्या अर्धगोल भागात जाताना जागा क्रमाने आखडत जाते. मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना एकावर एक उभे असे तीन-तीन संत कोरलेले आहेत.

काकांचा सर्वांत जास्त वेळ गेला तो वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेल्या आधाराच्या दगडांपाशी, म्हणजे तोड्यांपाशी. तिथे आजही ८५ कोरीव तोडे आहेत. एकावर कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून बसले आहेत. एकावर आपली योनी दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी स्त्री आहे. तिच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोणी तिला सुफलतेचे चिन्ह मानतात, कोणी वासनेविरुद्धचा इशारा. आपल्याकडची लज्जागौरी, म्हणजे पाय फाकवून बसलेली सुफलतेची देवी, आठवणे स्वाभाविक आहे, पण ती आठवण म्हणजे पुरावा नव्हे. जवळजवळ नऊशे वर्षे होऊनही सशाचे कान आणि सर्पांची खवले टाकीचा घाव कालच पडावा इतकी स्पष्ट आहेत.

मग मी काकांना तासाभराच्या आत शॉबडनला नेले. तिथले चर्च ऑलिव्हर द मर्लिमाँड या कारभाऱ्याने बाराव्या शतकात बांधले. तो स्पेनमधील सँटिआगो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रेला गेला होता. तिथले कोरीवकाम किलपेकच्याच घराण्यातले, त्याच शैलीचे आहे. १७५० च्या दशकात तिथल्या जमीनदार बेटमन घराण्याने जुने चर्च पाडून नव्या शैलीचे, पांढरेशुभ्र चर्च उभारले आणि जुनी कमान व दारे टेकडीवर, मोकळ्या हवेत, शोभेसाठी रचून ठेवली. अडीचशेहून अधिक वर्षांच्या पावसाने काय केले ते तिथे दिसते. सिंहासनस्थ ख्रिस्ताच्या जागी आता फुगीर दगडाचा एक आकार उरला आहे. खांबांवर माणसे होती हे आधी किलपेक पाहिलेल्यालाच ओळखता येते. काकांनी एका खांबावरून हात फिरवला तेव्हा बोटांना तांबडी रेती लागली. ते बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘पारावर पत्रा तरी घालायला हवा होता.’

माझ्या मते पत्रा पुरेसा नाही. कोरीव दगड ज्या भिंतीसाठी घडवला त्या भिंतीतच राहिला पाहिजे. किलपेकमध्येही १८४८ मध्ये दुरुस्ती झाली, परंतु ती करताना दार आणि तोडे यांना त्यांच्या जागेवरून हुसकावले गेले नाही. आपल्या गावात जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कोणी आले, तर जुन्या दगडांचे काय करणार, हे लेखी मागून घ्या आणि मगच पावती फाडा.

पाहण्याविषयी थोडे सांगतो. दुर्बीण अवश्य न्या. दार दक्षिणाभिमुख असल्यामुळे ऊन तिरपे पडते तेव्हा कोरीवकाम उठून दिसते. स्वतःचे वाहन असलेले बरे. दगडाचा प्रकार आणि पाण्याचा निचरा यांवरही पुष्कळ अवलंबून असते, त्यामुळे शॉबडनचा सगळा दोष केवळ जागा बदलण्याला देता येणार नाही, हे मला मान्य आहे. काकांनाही मी ते परतीच्या वाटेवर सांगितले. गावी गेल्यावर त्यांनी पारावरच्या दगडांची छायाचित्रे काढून मला पाठवली. एकूण अकरा दगड आहेत, आणि त्यांपैकी चारांवरचे कोरीवकाम अजून वाचता येते.