फोनवर ‘एसओएस’ दिसलं आणि बेटिंगचं खातं रिकामं झालं, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की शनिवारी संध्याकाळी फोनची रेंज गेली, वर नुसतं ‘एसओएस’ (म्हणजे फक्त आणीबाणीचे कॉल लागतील) दिसत होतं, टॉवरची भानगड असेल म्हणून तुम्ही झोपलात. सकाळी बेटिंग ॲपचा पासवर्ड चालेना, बॅलन्स गायब. कंपनीचं म्हणणं, पैसे काढताना ओटीपी बरोबर दिला होता, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलात. तुम्हाला मिळालेले सगळे सल्ले पासवर्ड बदला, अँटीव्हायरस टाका, असे आहेत. ते करा, पण तुमचं दुखणं वेगळं आहे. ते ‘एसओएस’ म्हणजेच चोरीची वेळ. तुमचा नंबर तुमच्या फोनवरून उतरवून दुसऱ्या कुणाच्या फोनवर चढवला गेला. पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच्याकडे गेला, पैसे काढायचा ओटीपीही त्याच्याकडेच. याला सिम स्वॅप म्हणतात.

माझ्याबाबतीत हेच झालं, आपल्याच न्यू जर्सीत. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी वकील नाही, बँकेत कामाला नाही. जे भोगलं आणि त्यानंतर शोधून वाचलं, तेवढंच सांगतो. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतील.

आधी एक फरक. बेटिंगची बरीच खाती दुसऱ्या वाटेने जातात. भलत्याच एखाद्या साइटवरून फुटलेले ईमेल-पासवर्ड चोर इथे हजारोंनी लावून बघतात. नोव्हेंबर 2022 मध्ये ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकन बेटिंग कंपनीच्या साइटवर तेच झालं. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार सुमारे 60,000 खात्यांत शिरकाव झाला आणि त्यातल्या साधारण 1,600 खात्यांतून सहा लाख डॉलरच्या आसपास गेले. पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. चोर खात्याला पैसे काढण्याचा नवा मार्ग जोडायचा, तो चालतो का हे बघायला 5 डॉलर जमा करायचा आणि मग सगळी शिल्लक त्या मार्गाने काढून घ्यायचा. या प्रकरणात विस्कॉन्सिनच्या एका तरुणाला 2024 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा आपण न भरलेले 5 डॉलर खात्यात दिसले तर खूश होऊ नका, ताबडतोब खातं गोठवायला सांगा. माझं खातं त्या कंपनीत नव्हतं आणि माझी वाटही ती नव्हती, पण बाकीच्यांना हे माहीत असावं.

आता सिमचं. न्यू जर्सीत 2022 च्या मध्यापासून ऑनलाइन जुगाराच्या खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची आहे. नियम चांगलाच आहे. पण बहुतेक लोक दुसरा टप्पा एसएमएसवर ठेवतात आणि मग सगळी भिस्त येते मोबाइल कंपनीच्या काउंटरवर बसलेल्या माणसावर. त्याने खोटं ओळखपत्र खरं मानलं की तुमचं कुलूप उघडलंच. हे फक्त आपल्यासारख्यांच्या बाबतीत होतं असं नाही. जानेवारी 2024 मध्ये चक्क सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचं, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, एक्सवरचं खातं असंच गेलं. एका माणसाने बनावट ओळखपत्र घेऊन अलाबामातल्या दुकानातून त्या नंबरचं सिम मिळवलं होतं.

मला सर्वांत महाग पडलं ते माझ्या मोबाइल कंपनीचं ऑफिस. नाव लिहीत नाही. फोन केला की सांगायचे, दुकानात जा. दुकानात गेलो की म्हणायचे, हे फ्रॉडवाल्यांचं काम, फोन करा. फोनवर ओळख पटवायला ओटीपी पाठवायचे, तोही त्याच चोरीला गेलेल्या नंबरवर! समोरच्या माणसाला हे समजावताना घसा कोरडा पडायचा. नंबर परत मिळाला, पण तो कधी, कुणाच्या सांगण्यावरून, दुकानातून की फोनवरून हलवला गेला, हे लेखी द्यायला ते तयार नव्हते. ‘अंतर्गत माहिती’ म्हणे. आणि बेटिंग कंपनीला नेमका तोच कागद हवा होता. ओटीपी गेला तेव्हा नंबर माझ्याकडे नव्हता, हे मी तोंडाने कितीही सांगितलं तरी त्यांच्या नोंदीत पडताळणी यशस्वी होती. इतके दिवस नियमित बिल घेणारी कंपनी एका तारखेचा आणि वेळेचा कागद देत नाही, याचा राग अजून जात नाही.

शेवटी तो कागद एफसीसीकडे, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेकडे, तक्रार केल्यावर आला. एफसीसीच्या साइटवर ग्राहक तक्रार फुकट करता येते, ती मोबाइल कंपनीकडे जाते आणि कंपनीला 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. शिवाय नंबर नव्या सिमवर नेण्याआधी ग्राहकाची ओळख सुरक्षित पद्धतीने पटवायची, असे नियम एफसीसीने नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर केलेत. तक्रारीत त्यांचा उल्लेख करा. मी काउंटरवर भांडत बसलो त्या काळात हे मला कुणीच सांगितलं नाही. तुम्ही आजच करा.

तो कागद हातात आल्यावर बेटिंग कंपनीचा सूर बदलला आणि अर्ध्याहून जास्त पैसे परत आले. तुम्हीही त्यांच्याकडे तक्रार लेखीच करा, चॅटवर नको, आणि केलीच तर स्क्रीनशॉट ठेवा. त्यांनी नकार दिला तर जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटचा (डीजीई) ऑनलाइन फॉर्म आहे. आधी कंपनीकडे दाद मागितल्याचा पुरावा त्याला जोडा. एफबीआयच्या आयसी3 या सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीच्या साइटवरही नोंद करा. तिथून पैसे परत येतील ही अपेक्षा नको, पण नोंदीची प्रत बँकेला दाखवायला उपयोगी पडते.

बँकेवरून आठवलं. ॲपमधली शिल्लक आणि ॲपला जोडलेलं बँक खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोराने तुमच्या बँकेतून ॲपमध्ये पैसे ओढून मग काढले असतील, तर तेवढ्या भागासाठी बँकेशी वेगळं भांडायचं. बँकेने स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत कळवावंच लागतं, आणि लवकर कळवाल तेवढी तुमची जबाबदारी कमी. सोमवारची वाट बघू नका.

आणखी एक, जे फार जण विसरतात. बेटिंगच्या खात्यात तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि लायसन्सचा फोटो असू शकतो. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणं अवघड होतं. फुकट आहे.

पुढच्यासाठी माझं ठाम मत: मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये नंबर लॉक आणि सिम लॉक (तुमच्या परवानगीशिवाय नंबर दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या सिमवर जाऊ नये म्हणून) शोधून चालू करा. बेटिंग ॲपमध्ये ऑथेंटिकेटर (फोनमध्येच कोड बनवणारं ॲप) किंवा पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन) सोय असेल तर एसएमएस सोडा. नसेल तर त्या ॲपमध्ये पैसे साठवूच नका, जिंकलात की काढून घ्या. ईमेलच्या रिकव्हरीतूनही फोन नंबर काढा, नाहीतर ईमेल त्याच वाटेने जाईल. लोकेशनची तपासणी असते म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. ती पैज लावणारा राज्याच्या हद्दीत आहे ना हे बघण्यासाठी असते. चोराला पैज लावायचीच नसते.

जे भारतात कायमचे परत जातायत त्यांनी इथला नंबर बंद करण्याआधी तो सगळ्या खात्यांतून काढावा. बंद केलेला नंबर किमान 45 दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो आणि तुमचे ओटीपी त्याला जातील. आणि भारतातल्या वाचकांसाठी: 2025 च्या कायद्याने तिकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. परदेशी साइटवर खातं लुटलं गेलं तर डीजीईसारखं दार तुम्हाला नाही. बँकेतून किंवा यूपीआयवरून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या पोस्टखाली एकाने ‘पैसे परत मिळवून देतो, टेलिग्रामवर या’ असं लिहिलंय. त्याला उत्तर देऊ नका. लुटलेल्या माणसालाच पुन्हा लुटणारी ही जमात आहे, मलाही असे मेसेज आले होते.

एक सांगू का, अनोळखी असूनही? गेलेले पैसे पैजा लावून भरून काढावेत असं मनात येतं. मी ते जवळून पाहिलंय. तसं वाटत असेल तर खातं काही दिवस स्वतःच बंद करून घ्या, तशी सोय ॲपमध्ये असते, आणि 1-800-गॅम्बलर या जुगाराच्या सवयीसाठीच्या हेल्पलाइनवर बोला.

मोबाइल कंपनीला पाठवलेल्या पत्राचा मजकूर माझ्याकडे आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या होत्या: सिम बदलल्याची तारीख आणि वेळ, ते दुकानातून झालं की फोनवरून, आणि ओळख कशावरून पटवली. हवा असेल तर माझं नाव-नंबर काढून देतो.