जबड्याच्या शस्त्रक्रियेत संगणकाचे दिशादर्शन

प्रश्न : दुचाकीच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या गालाचे हाड आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडला. शल्यविशारदांनी ‘नॅव्हिगेशन’ सुचवले आहे. म्हणजे शस्त्रक्रिया संगणक करणार का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही, हात शल्यविशारदांचाच असतो, संगणक फक्त जागा दाखवतो. आधी सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ थरांच्या चित्रांचा सीटी स्कॅन काढतात आणि चेहऱ्याच्या शाबूत बाजूचे प्रतिबिंब मोडलेल्या बाजूवर ठेवून हाड नेमके कोठे बसायला हवे, हे ठरवतात. शस्त्रक्रियागृहात डोक्याला जोडलेल्या खुणेचा आणि हातातील अवजाराचा माग बहुधा अवरक्त कॅमेरा घेतो. त्यामुळे अवजाराचे टोक त्या क्षणी कोठे आहे, ते पडद्यावरील स्कॅनमध्ये दिसते. मात्र चेहरा आणि स्कॅन यांची सुरुवातीची जुळणी चुकली, तर पुढचे सारेच चुकते. ती नीट झाली तरी १ ते २ मिलिमीटरचा फरक गृहीत धरावा लागतो.

खालचा जबडा मात्र हलता असल्याने कवटीवरची खूण त्याच्या कामी येत नाही. त्याला स्वतंत्र खूण लावावी लागते किंवा तो वरच्या जबड्याशी बांधून स्थिर ठेवावा लागतो. त्याचे साधे अस्थिभंग वरच्या-खालच्या दातांची मिटणी जुळवून आणि हाडावर धातूची प्लेट बसवून नीट होतात; तेथे ही खर्चिक यंत्रणा आम्हांला अनावश्यक वाटते. आपल्या भावाची गोष्ट वेगळी आहे, कारण खोबणीच्या मागच्या टोकाशी डोळ्याची मुख्य नस (दृष्टीचा मज्जातंतू) असते आणि तिला इजा होऊ नये, म्हणून अवजार नेमके कोठे आहे हे कळणे महत्त्वाचे ठरते.