मुलांना तर्काने वाद घालायला कसं शिकवायचं? तर्कदोषांची यादी आधी नको

तुम्ही विचारलंय की नववीच्या वर्गाला मुद्देसूद वाद घालायला आणि नीट तपासून विचार करायला शिकवायचंय, तर तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादातल्या नेहमीच्या चुकांची, यादी पाठ करून घेऊ का, आणि वर्गात दोन-तीनच मुलं बोलतात त्याचं काय करू. मी याच वयाच्या मुलांना शिकवतो म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

यादी द्या, पण शेवटी द्या. आधी दिली की मुलं एकमेकांना नावं चिकटवत सुटतात, ‘हा स्ट्रॉमॅन झाला’ (म्हणजे समोरच्याचा मुद्दा मोडूनतोडून मांडून तोच खोडला), ‘ही व्यक्तिगत टीका झाली’, आणि समोरचा नक्की काय म्हणत होता हे कुणी ऐकतच नाही. हुशार मुलं तर यात जास्तच बिघडतात, कारण त्यांना दुसऱ्याची चूक पकडायला एक हत्यार मिळतं आणि स्वतःच्या मुद्द्यावर ते कुणी चालवत नाही.

माझ्या मते शिकवायची गोष्ट मुळात एकच आहे. मुलं दावा करतात, ‘कारण’ म्हणून पुरावाही देतात, पण या पुराव्यावरून तो दावा निघतो कसा हे मधलं बोलतच नाहीत, ते मधलं बोलायला लावायचं. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली तिच्यात दावा आणि आधार यांना जोडणाऱ्या नियमाला वेगळी जागा आहे ती यासाठीच, आणि आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय परंपरेत, हेतूवरून (पुराव्यावरून) साध्याकडे (जे सिद्ध करायचं त्याकडे) जायला व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हेतू तिथे साध्य असतंच’ असा नियम, लागते म्हणतात तेही जवळपास हेच.

वर्गात हे कसं दिसतं ते सांगतो. एकीने लिहिलं होतं, ‘शाळेत मोबाईलला बंदी हवी, कारण जी मुलं मोबाईल जास्त वापरतात त्यांना मार्क कमी पडतात.’ मी फळ्यावर वर पुरावा लिहिला, खाली दावा लिहिला, मध्ये एक ओळ कोरी सोडली आणि म्हटलं, ही भरा. पहिलं उत्तर आलं ‘मोबाईल वाईटच असतो’. हा तर दावाच परत, फक्त जोरात, म्हणून पुसला. मग कुणीतरी म्हणालं ‘मोबाईलमुळे मार्क कमी होतात’. आता काहीतरी हाताला लागलं, कारण हे खरं की खोटं असं विचारता येतं, आणि लगेच मागून आवाज आला, ‘सर पण ज्याला अभ्यासाचा कंटाळा आहे तोच मोबाईल घेऊन बसतो ना?’ कार्यकारण उलटं असू शकतं हे त्या पोराने कुठलंही नाव माहीत नसताना सांगितलं. थोड्या वेळाने अजून एक भोक सापडलं: समजा मोबाईलमुळेच मार्क कमी होतात, तरी ती मुलं मोबाईल बघतात घरी, मग बंदी शाळेत घालून काय होणार? हे जिने मूळ वाक्य लिहिलं होतं तिलाच सुचलं, आणि मग तिने दावा पूर्ण न सोडता ‘तासाच्या वेळात बंदी’ असा आखूड केला. असा आखूड झालेला दावा दिसला की मी खुश.

मुद्दा उलटा करण्याची, म्हणजे ‘हे असेल तर ते असतं’ वरून ‘ते असेल तर हे असतं’ धरून चालण्याची, खोड मात्र फार चिवट असते. त्यासाठी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं १९६६ चं पत्त्यांचं कोडं घाला. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा, समोर दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा ते तपासायला कुठले पत्ते उलटाल? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे क निघाला तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम संपलाच. म्हणजे आपण नियमाला साथ देणारं शोधत बसतो, तो मोडेल असं काही शोधतच नाही. धूर आहे तिथे अग्नी असतो, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही, तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही, हे न्यायवाल्यांचं जुनं उदाहरण इथेच सांगून टाका, मुलांना लगेच पटतं.

याच कोड्यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मोशमन आणि गाइल या संशोधकांनी १९९८ मध्ये कॉलेजच्या मुलांना हे सोडवायला दिलं, एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी जेमतेम ९ टक्के बरोबर आले आणि गटात चर्चा करून सोडवलं तेव्हा ७५ टक्के गट बरोबर आले. एकट्याला स्वतःचं भोक दिसत नाही, दुसऱ्याचं पटकन दिसतं. म्हणून भाषण देऊन हा विषय शिकवायच्या भानगडीत पडू नका, गट करा. पण गटात आधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर कारणासकट कागदावर लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचंच गटाचं उत्तर होतं. कागद आधी वाचायचा तो सगळ्यात गप्प मुलाने. ‘बोल की’ म्हणून गप्प मूल बोलत नसतं, लिहिलेलं वाचायला सांगितलं की वाचतं, आणि एकदा त्याच्या कागदावर चर्चा सुरू झाली की स्वतःचं वाक्य वाचवायला आपोआप बोलायला लागतं.

अजून एक नियम ठेवा, उत्तर देण्याआधी समोरच्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचं म्हणणं, आपल्या शब्दांत मांडायचा आणि तो ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हणाला तरच पुढे जायचं. सुरुवातीला प्रचंड वेळ खातं, तास संपतो आणि एकच मुद्दा झालेला असतो. होऊ द्या. अर्धी भांडणं इथेच विरघळतात कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात.

वादविवाद स्पर्धांचं विचाराल तर बोलायची भीती जायला चांगल्या आहेत, बाकी मला त्यांचं फार कौतुक नाही. तिथे बाजू चिठ्ठीने मिळते आणि शेवटपर्यंत सोडायची नसते. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, खरं काय ते शोधायला केलेला तो वाद, जिंकायला केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची ती वितंडा, असे तीन प्रकार सांगितलेत, आणि स्पर्धेत बक्षीस मिळतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकाराला. चिठ्ठीने बाजू द्यायचीच असेल तर अर्ध्या वेळात बाजू बदलायला लावा.

मार्क देताना कुठली बाजू घेतली ते बघू नका हे तुम्हाला माहीतच असेल. मी उत्तराच्या कागदावर दोन कोऱ्या ओळी जास्त ठेवतो: ‘माझ्या विरोधातला सगळ्यात तगडा मुद्दा’ आणि ‘काय कळलं तर मी मत बदलेन’. दुसऱ्या ओळीत ‘काहीच नाही’ असं लिहिणारे निघतातच, त्यांचे मार्क कापायचे नाहीत, पुढच्या तासाला त्यांचाच कागद चर्चेला घ्यायचा, अर्थात त्यांना विचारून.