कॉलेजात एथिक्सवर चर्चा सुरू करतोयस? मग ऐक
अरे, पहिलं म्हणजे पोस्टरवर 'नीतिमूल्ये' लिहू नको, लोकांना वाटतं परत भाषण. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं, मोठा हॉल, पाहुणे, समई, आणि समोर सतरा जण, त्यातले पाच अटेंडन्सपुरते (ते पण चहा झाल्यावर गायब). पुढच्या वेळी कँटीनच्या मागच्या टेबलावर बसलो, पातळ भाजी-पाव मागवला नि एकच प्रश्न ठेवला: २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गोव्यातलं मायनिंग थांबवलं, २०१८ मध्ये ८८ खाण-लीजचं रिन्यूअल रद्द केलं, मग खनिज वाहणाऱ्या ट्रकचे हप्ते भरणाऱ्याचं काय आणि ज्याच्या शेतात खाणीचा लाल चिखल आला त्याचं काय? खाणपट्ट्यातल्या डिचोलीचा एक पोरगा, घरचा ट्रक होता त्यांचा, आधी गप्पच, मग जो बोलायला लागला ना, कँटीनवाल्यानं खुर्च्या उलट्या टाकल्या तरी कोणी उठेना.

म्हणून जवळचा विषय घे. तू स्वतः कमी बोल, आणि अर्ध्यावर सगळ्यांना बाजू बदलायला लाव, ही युक्ती हमखास चालते. पीएचडीवाल्यांना रिसर्च एथिक्सचा २ क्रेडिटचा कोर्स असतोच, पण असाइनमेंट एआयकडून लिहून घेतली तर ती कॉपी का, हे बीए-बीएस्सीच्या पोरांशी कोण बोलतंय? दुसऱ्या बैठकीला तेच ठेव. प्रोफेसर बोलवलेस तर एकच, आणि त्यांची खुर्ची पण गोलातच, पुढं नको. आणि हो, चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात काही ठेवू नको, कुत्रं पण फिरकत नाही.